छेदांचा मेळ

शिक्षण संपवून व्यवहारात पडलेल्या मनुष्यास शाळेतील कोणत्या विषयाची धास्ती अद्याप शिल्लक आहे असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर मिळते ते अपूर्णांकांचे. आणि त्यातही आश्चर्य असे, की ज्यास हा विषय शिकविलाच गेला नाही, असा एखादा सुतार किंवा गवंडी अपूर्णांकांच्या बेरजा दिवसभर, बोलता बोलता, पाटीपेन्सिलीवाचून करीत असतो. त्याच्या कारखान्यात घटकाभर उभे राहून पाहावे. एका फळीची रुंदी तो नऊ इंच पाच सूत भरवितो, दुसरीची पावणेआठ इंच, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तर किती होईल हे मनाशी पुटपुटतो : नऊ आणि सात सोळा, पाच आणि सहा अकरा सूत, अकरांतून आठ गेले, म्हणजे सतरा इंच तीन सूत. एका इंचात आठ सूत असतात, एवढेच ज्ञान त्याच्या गाठी आहे. परंतु या पुटपुटण्यात, शाळेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, त्याने पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज केली, पाऊण इंचाचे सहा सूत करताना ३/४ या अपूर्णांकाचे ६/८ असे रूपांतर केले, आणि ११/८ हा अंशाधिक अपूर्णांक निघाला तेव्हा त्यातून एक पूर्णांक वेगळा काढून तो इंचांत मिळविला. हेच उदाहरण फळ्यावर मांडले असते तर त्याने बहुधा हात जोडले असते.

त्याला जे साधते ते आपल्याला का साधत नाही, याचा विचार केला म्हणजे दिसून येते की त्याची अर्धी अधिक कामगिरी त्याच्या आधीच कोणीतरी उरकून ठेवलेली आहे. अपूर्णांकांच्या बेरजेतील कष्ट बेरजेचे नसतातच. ते छेद सारखे करण्याचे असतात. एकदा सर्व तुकडे एकाच मापाचे झाले, की तीन तुकडे आणि पाच तुकडे मिळून आठ तुकडे, यात बालकासही अडचण पडू नये. सुताराच्या धंद्याने छेद आठ हा कायमचा ठरवून टाकला आहे. तो कोणालाही शोधावा लागत नाही. म्हणून बेरीज ही बेरीजच राहते.

जुन्या काळी हा छेद ठरविण्याचे काम धंद्यापुरते नव्हे, तर अवघ्या व्यवहारासाठी होऊन गेले होते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि पै बारा; पक्क्या शेराचे छटाक सोळा; धान्याच्या मापांत चिपटे पाव शेराचे, मापटे अर्ध्या शेराचे, आणि पायली चार शेरांची. जिकडे पाहावे तिकडे निमपट आणि दुप्पट यांचीच वंशावळ. जमाखर्चाच्या वह्यांत रुपयांच्या आकड्यापुढे उभ्या रेघा काढीत : एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, आणि पावाहून लहान अशा सुट्या आण्यांसाठी तिरक्या रेघा. या लिपीत अंश आणि छेद असे दोन मजले नसतच. चार तिरक्या रेघा भरल्या की एक उभी, चार उभ्या भरल्या की एक रुपया, असा चाराचा हातचा घेत कारकून कीर्दीचे पानच्या पान उतरवीत असे, आणि आपण षोडशांशांची बेरीज करीत आहोत याची त्यास वार्ताही नसे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, अशी जी पाढ्यांची मालिका पंतोजी मुलांकडून संथा देऊन घोकून घेत, तिचेही मर्म हेच होते. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. 'सात औटे साडेचोवीस' हे ज्याच्या जिभेवर बसले, त्यास साडेतीन रुपये सात वेळा मांडून बेरजेच्या वाटेस जाण्याचे कारण उरत नसे.

मात्र एक गोष्ट या व्यवस्थेची विशेष वाखाणण्यासारखी होती, आणि ती बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. निमपटीच्या वंशावळीत तिसऱ्या हिश्शाला जागा नसते. सोळाचे तीन समान भाग पडत नाहीत. परंतु आण्याच्या पै बारा ठेवल्यामुळे रुपयाच्या पै होतात एकशे ब्याण्णव, आणि त्यांचे तीन भाग नि:शेष पडतात. वडिलार्जित मिळकतीत तिघे भाऊ हिस्सेदार असले, तर वाटणीपत्रात प्रत्येकाच्या नावे पाच आणे चार पै असा हिस्सा लिहिला जाई. आता यांतील एका भावाने दुसऱ्याच्या हिश्शाचा निम्मा भाग खरेदीखताने घेतला असे धरा. त्याच्या पाच आणे चार पैंत दोन आणे आठ पै मिळाले. सात आणे बारा पै, म्हणजे पुरते आठ आणे. तो अर्ध्या मिळकतीचा धनी झाला. शाळेच्या भाषेत हेच १/३ अधिक १/६ बरोबर १/२ असे होते. दस्तऐवज लिहिणाऱ्याने ना लसावि काढला, ना अंशांना छेदांनी गुणले. एकशे ब्याण्णव हा छेद त्याच्यासाठी सरकारने टांकसाळीतच पाडून ठेवलेला होता.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि देशाचा छेद बदलला. दशमान पद्धतीचे उपकार मी नाकारीत नाही. हिशेबाच्या वह्या तिने निम्म्याने हलक्या केल्या. पण स्थित्यंतराच्या त्या काळात अपूर्णांकांनी आपले अस्तित्व मोठ्या मौजेने जाणवून दिले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आणि सव्वासहाचे नाणे तर निघणे नव्हते. म्हणून जे कोष्टक ठरले, त्यात एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, पण तीन आण्यांस एकोणीस नवे पैसे धरले होते. आण्या-आण्याच्या तीन जिनसा वेगवेगळ्या घेणाराने अठरा द्यावयाचे आणि एकदम घेणाराने एकोणीस! यात अन्याय कोणाचाच नव्हता. प्रत्येक पद आधी तोडून मग बेरीज केली, तर येणारे उत्तर आणि आधी बेरीज करून मग तोडले तर येणारे उत्तर ही एक नसतात, हे गणिताचे सनातन सत्य त्या कोष्टकाने वाण्याच्या दुकानात आणून बसविले, इतकेच. पुढे कॅल्क्युलेटरच्या संदर्भात याच सत्याची गाठ पडणार आहे.

शाळेतील अपूर्णांक कठीण वाटतो तो यासाठी, की तेथे छेद कोणीच ठरवून दिलेला नसतो. तिसरा भाग आणि पाचवा भाग, दोन परक्या मुलखांतील प्रवासी भेटावेत तसे, एकमेकांसमोर उभे असतात, आणि दोघांनाही समजेल अशी भाषा आपण शोधावयाची असते. मूल ती शोधीत नाही. ते १/२ आणि १/३ यांचे अंश अंशांत आणि छेद छेदांत मिळवून २/५ असे उत्तर लिहिते, आणि मास्तर त्यावर तांबडी फुली मारून मोकळे होतात. मला या फुलीविषयी नेहमी थोडे वाईट वाटते, कारण मुलाने ही रीत हवेतून आणलेली नसते. त्याच्या स्वत:च्या गुणपत्रिकेत एका परीक्षेत वीसपैकी अठरा आणि दुसरीत पन्नासपैकी चाळीस असे गुण पडलेले असतात, आणि त्यांची बेरीज शाळेनेच सत्तरपैकी अठ्ठावन्न अशी केलेली असते. येथे अंश अंशांत आणि छेद छेदांत मिळविले ते रास्तच होते, कारण वीस गुणांची परीक्षा आणि पन्नास गुणांची परीक्षा या दोन निराळ्या वस्तू आहेत व बेरजेत पूर्ण वस्तूच मोठी होत गेली आहे. अपूर्णांकांच्या बेरजेत तसे नसते. तेथे अर्धा आणि तिसरा हे एकाच मापाच्या पूर्णाचे भाग असतात, आणि ते पूर्ण बेरजेनंतरही तेवढेच राहावयाचे असते. हा भेद मुलास सांगितला जात नाही. निदान एवढे तरी त्यास दाखवावे, की दोन पंचमांश हे अर्ध्याहूनही कमी असतात. अर्ध्यात काही भर घातल्यावर तो अर्ध्याहून लहान झाला, हे कोणता हिशेबनीस मान्य करील?

छेद सारखे करण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे हे सांगावयाचे तर भास्कराचार्यांकडे जावे लागते. 'लीलावती' हा त्यांचा ग्रंथ ११५० सालचा. आणि चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून दिसते की त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला होता. लीलावतीत समच्छेदाची जी रीत दिली आहे तिचा आशय असा, की प्रत्येक अपूर्णांकाचे अंश व छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणावेत. आणि लगेच पुढे, जो सुज्ञ असेल त्याने छेदांना आधी सामाईक अवयवाने भागून घ्यावे आणि मग गुणावे. ही पुस्ती मला मूळ नियमाहून अधिक मोलाची वाटते. ३/४ आणि ५/६ यांची बेरीज घ्या. छेद चार आणि सहा; दोहोंस दोनाने भाग जातो, उरले दोन आणि तीन. मग पहिल्यास तीनाने आणि दुसऱ्यास दोनाने गुणले की झाले ९/१२ आणि १०/१२. बेरीज १९/१२, म्हणजे १ पूर्णांक ७/१२. चोवीस हा मोठा छेद घेतला असता तरी उत्तर तेच येते, पण शेवटी पुन्हा भागाकाराचा खटाटोप उरतो. भास्कराचार्यांच्याही पूर्वी, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी आपल्या 'गणितसारसंग्रहा'त सर्व छेदांना पुरेल अशा लहानात लहान संख्येला 'निरुद्ध' असे नाव देऊन ती काढण्याची रीत सांगितली होती. आजची मुले ज्यास लसावि म्हणतात तीच ही. त्या काळी अंश वर आणि छेद खाली लिहीत, परंतु मधली आडवी रेघ काढीत नसत. पूर्णांक असेल तर तो सर्वांच्या माथ्यावर. दोहोंमधील रेघ पुढे अरबी गणितज्ञांच्या लेखनात आढळते.

भास्कराचार्यांनी अपूर्णांकांच्या बेरजेसाठी जे उदाहरण घातले आहे ते सोडवून पाहण्यासारखे आहे : पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा आणि सहावा भाग यांची बेरीज किती? सरळ गुणाकाराच्या मार्गाने गेले तर छेद होतो सातशे वीस आणि अंश होतात एक हजार चव्वेचाळीस. कागद भरतो आणि डोके शिणते. उलट, या सर्वांना पुरणारी लहान संख्या साठ. साठाचा पाचवा भाग बारा, चौथा पंधरा, तिसरा वीस, निम्मा तीस, सहावा दहा, एकंदर सत्त्याऐंशी. ८७/६० यास तीनाने संक्षेप दिला की २९/२०, म्हणजे १ पूर्णांक ९/२०. साठ ही संख्या इतक्या जणांना सामावून घेते, म्हणूनच बहुधा घटकेची पळे आणि तासाची मिनिटे साठ राहिली, आणि दशमानाच्या सुधारणेने नाण्याला व वजनाला हात घातला तरी घड्याळाला घातला नाही.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या बेरजेस दोन वाटा आहेत. २ पूर्णांक २/३, १ पूर्णांक ३/४ आणि ३ पूर्णांक ५/६ मिळवावयाचे आहेत असे समजू. पाठ्यपुस्तकातली एक वाट अशी, की प्रथम सर्वांचे अंशाधिक अपूर्णांक करावेत, ८/३, ७/४, २३/६. मग छेद बारा करून ३२, २१ आणि ४६ मिळवावे. ९९/१२ येतात, म्हणजे ८ पूर्णांक ३/१२, म्हणजेच सव्वाआठ. दुसरी वाट सुताराची : पूर्णांक वेगळे मिळवावेत, दोन, एक आणि तीन सहा, अपूर्णांक वेगळे, आठ, नऊ आणि दहा मिळून सत्तावीस बारांश, म्हणजे सव्वादोन, एकूण सव्वाआठ. बेरजेपुरता माझा कौल नि:संशय या दुसऱ्या वाटेला आहे. अंशाधिक रूप गुणाकार-भागाकारात अपरिहार्य असते हे खरे, पण बेरजेत ते केवळ आकडे फुगविते, आणि फुगलेल्या आकड्यांत चूक लपून बसते. शिवाय पूर्णांक वेगळे ठेवले म्हणजे उत्तराचा अजमास आधीच करता येतो. येथे पहिली संख्या पावणेतिनाच्या आत, दुसरी बरोबर पावणेदोन, तिसरी चाराच्या आत. तेव्हा बेरीज साडेआठाच्या वर जाणेच शक्य नाही. असा अजमास ज्याने बांधला, त्यास पुढे हाताने चूक झाली किंवा यंत्राने दगा दिला तरी तत्काळ कळते.

आता यंत्राविषयी. दुकानाच्या गल्ल्यावर असतो तो साधा कॅल्क्युलेटर अपूर्णांक जाणत नाही. त्याला दशांशच तेवढे ठाऊक. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर त्याचाही छेद ठरलेला आहे, आणि तो दहाच्या घातांचा आहे. म्हणून ज्यांच्या छेदात दोन आणि पाच यांखेरीज दुसरा मूळ अवयव नाही, असे पाव, पाऊण, अष्टमांश, पंचमांश तो नेमके सांगतो, आणि तिसरा, सहावा, सातवा हे भाग त्यास कधीच पुरतेपणी सांगता येत नाहीत. त्यात त्याची आज्ञापालनाची तऱ्हाही ध्यानात ठेवावी लागते. दोन पूर्णांक तीन चतुर्थांश त्यास कळवावयाचे म्हणून आपण दोन, अधिक, तीन, भागिले, चार या क्रमाने कळा दाबल्या, तर तो दोन आणि तीन यांची बेरीज आधी करून तिला चाराने भागतो आणि १.२५ दाखवितो. शास्त्रीय कॅल्क्युलेटर भागाकाराचा मान आधी राखून २.७५ दाखवील, साध्या यंत्रावर मात्र अपूर्णांक आधी आणि पूर्णांक मागून, म्हणजे तीन भागिले चार अधिक दोन, असाच क्रम ठेवावा.

तीन-चार अपूर्णांक असतील तेव्हा स्मृतीची कळ उपयोगी पडते. स्मृती प्रथम कोरी करावी. मग दोन भागिले तीन करून 'एम-प्लस' दाबावी, तीन भागिले चार करून पुन्हा तीच, पाच भागिले सहा करून पुन्हा तीच, शेवटी पूर्णांकांचे सहा तसेच आत टाकून साठलेली रक्कम परत मागवावी. आपल्या वरच्या उदाहरणात, पुढचे अंक तोडून टाकणारे आठ अंकी यंत्र असेल तर, पडद्यावर ८.२४९९९९९ असे चमत्कारिक उत्तर उमटते. सव्वाआठ कोठे गेले? २/३ च्या जागी यंत्राने ०.६६६६६६६ घेतले, ५/६ च्या जागी ०.८३३३३३३ घेतले, आणि दोन्ही ठिकाणी शेपूट तोडले. तीन आण्यांच्या एकोणीस नव्या पैशांची कथा येथे सातव्या दशांश स्थळी पुन्हा घडली. यावर उपाय सोपा आहे. सर्व छेदांना पुरणारी लहान संख्या बारा, हे आपण तोंडीच काढू शकतो. पडद्यावरील उत्तरास बाराने गुणावे. ९८.९९९९९८ येतात, म्हणजे नव्व्याण्णव. आणि नव्व्याण्णव बारांश म्हणजे सव्वाआठ. काही यंत्रे पडद्यामागे जादा अंक राखून ठेवतात आणि सरळ ८.२५ दाखवितात, पण आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे हे एक भागिले तीन, गुणिले तीन करून एकदा पडताळून घ्यावे. एक आला तर उत्तम, ०.९९९९९९९ आले तर सावध राहावे.

शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर अपूर्णांकांसाठी स्वतंत्र कळ असते. जुन्या घडणीत तिच्यावर 'ए बी/सी' अशी अक्षरे असतात. दोन, ती कळ, दोन, पुन्हा ती कळ, तीन, असे दाबले की २ पूर्णांक २/३ ही संख्या जशीच्या तशी आत जाते, आणि बेरीजही पूर्णांकयुक्त रूपातच बाहेर येते. तेच बटण पुन्हा दाबले तर दशांश रूप मिळते. नव्या घडणीत पडद्यावर अंश-छेदांच्या चौकटीच दिसतात. पडद्याच्या मर्यादेबाहेर आकडे गेले तर यंत्र मुकाट्याने दशांशांकडे वळते, एवढेच काय ते लक्षात ठेवावयाचे.

सर्वांत अनर्थकारक चूक मात्र यंत्राची नसून एका ठिपक्याची आहे, आणि ती आपल्या खेड्यापाड्यांत सर्रास होते. एक एकर सत्तावीस गुंठे हे क्षेत्र पुष्कळ लोक १.२७ असे लिहितात, आणि दोन एकर अठरा गुंठे २.१८ असे. दोहोंची बेरीज यंत्र ३.४५ सांगते, यंत्राची चूक नाही, त्यास तो दशांशचिन्हाचा ठिपका वाटला. वास्तविक एकराचे गुंठे चाळीस. पंचेचाळीस गुंठ्यांतून चाळीस वजा जाऊन एक एकर वाढतो, आणि खरे क्षेत्र भरते चार एकर पाच गुंठे, म्हणजे दशांशांत ४.१२५. एकराच्या दराला कोणी ३.४५ ने गुणून विक्रीची किंमत काढली, तर विकणाराचे सत्तावीस गुंठे फुकट गेले असे समजावे. क्रिकेटच्या धावफलकावरील षटकांच्या आकड्यातही ठिपका असाच फसवा असतो, ४.३ आणि २.४ मिळून ७.१ षटके होतात; परंतु तेथे कोणाची जमीन जात नाही. (सातबारा हे नाव अपूर्णांकासारखे लिहिले जात असले तरी तो अपूर्णांक नव्हे, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची ती जोडी आहे.) हेक्टर-आर या मापात मात्र ठिपका प्रामाणिक असतो, कारण हेक्टराचे आर शंभर.

तेव्हा ज्यांच्या घरी जुने एकर-गुंठ्यांचे उतारे आहेत, त्यांनी खरेदी-विक्रीपूर्वी एकर वेगळे आणि गुंठे वेगळे अशी बेरीज करावी, चाळीस भरताच एक हातचा घ्यावा, आणि दराने गुणण्याआधी उरलेल्या गुंठ्यांना चाळीसने भागून मगच तो आकडा यंत्रात घालावा.